विनीने गाळलेला कर

हार्लो मिल्स, न्यू हॅम्पशायर
६ ऑक्टोबर

आयुष्यभर कनेक्टिकट राज्याला कर भरत आलेल्या, आणि निवृत्तीनंतरही भरतच राहणाऱ्या समस्त सज्जनांनो!

म्हणजे एल्डन, तू एकटाच. पण बहिणीची सवय तुला माहीत आहे. समोर एक माणूस असला तरी मला भरलेलं सभागृह दिसतं.

तुमची तक्रार रास्त आहे. तुम्ही पगारावर कर दिलात. त्यातून उरलेल्या पैशाने मोटार घेतलीत, तेव्हा विकत घेण्याचा कर दिलात. आणि आता ती मोटार अंगणात नुसती उभी आहे, तिला गंज चढतो आहे, तरी गाव दर उन्हाळ्यात तिच्यावर कर मागतं. चाळीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या जळालेल्या घरांचे दावे तपासून जी पेन्शन कमावलीत, तिच्याकडेही राज्याचं लक्ष आहे.

इकडे ये. न्यू हॅम्पशायरमध्ये पेन्शनवर कर नाही. दुकानात कशावरही विक्री कर नाही, किंमत लिहिलेली असते तेवढीच द्यायची. तू डेलावेअर आणि टेनेसीची कोष्टकं करत बसला आहेस असं तुझ्या मागच्या पत्रात होतं. कशाला? डेलावेअरमध्ये तुझं कोण आहे? इथे शाळेसमोर एक छोटं पांढरं घर विकायला निघालं आहे. छप्पर नवं, तळघर कोरडं. माझ्या दारातून त्याची चिमणी दिसते. तुझी ग्रेटा गेल्यापासून तू एकटा कॅनमधलं सूप गरम करून पितोस. वसंतापर्यंत थांबू नकोस.

तुझी,
विनी

*

विंडरफोर्ड, कनेक्टिकट
१४ ऑक्टोबर

विनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते तुझं वाटेना.

माझी बहीण तीस वर्षं गावसभेत उभी राहून सांगते आहे की कर म्हणजे आपण एकमेकांना दिलेला शब्द आहे. ग्रेटाच्या वाढदिवसाला तू माझ्या जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून सॉसचं भांडं पाडलंस, कारण मी म्हणालो होतो की सरकार लुटतं. आणि आता तीच बाई मला लिहिते की कर टाळायचा असेल तर ये. धंदेवाईक जाहिरातीसारखं!

दुसरी गोष्ट. विक्री कर नाही, पेन्शनवर कर नाही, हे लिहिलंस. मालमत्ता कराबद्दल एक अक्षर नाही. दावा लिहिणारा माणूस ज्या खोलीचा उल्लेख गाळतो, आग त्याच खोलीत लागलेली असते. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. शिवाय तुमच्याकडेही मोटारीची नोंदणी दरवर्षी गावाच्या कचेरीत होते आणि तिचे पैसे मोटारीच्या किमतीवर ठरतात. नाव वेगळं, खिसा तोच.

टेनेसी मी खोडलं आहे, तिथे पावाच्या तुकड्यावरही विक्री कर आहे. डेलावेअर अजून यादीत आहे. तिथला घराचा कर हलका आहे, आणि तिथलं कुणी मला पत्रं पाठवून बोलावत नाही, ही त्याची मला आवडलेली बाजू.

तू फोन का करत नाहीस? संगणकावरचं पत्र तू पत्र मानत नाहीस, ते ठीक. पण फोन तर तुझ्या हाताला चिकटलेला असायचा.

एक प्रश्न विचारतो. हे पत्र लिहिणारी खरंच विनिफ्रेड बक्स्टन असेल तर तिला उत्तर येईल. मी नऊ वर्षांचा होतो त्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेल्या टर्कीचं काय झालं?

एल्डन

*

हार्लो मिल्स
२३ ऑक्टोबर

एल्डन बक्स्टन,

तू मला परीक्षेला बसवतोस? मला, जिने तुला बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं?

टर्की तू खिडकीबाहेर थंड करायला ठेवलीस, ती घसरून कोळशाच्या खड्ड्यात पडली, आणि तू आईला सांगितलंस की शेजारच्या कुत्र्याने नेली. त्या बिचाऱ्या मुक्या जनावराला वडिलांनी झाडूने हाणलं. तुझ्या आयुष्यातला पहिला खोटा दावा तो, आणि तो मंजूर झाला. झालं समाधान?

मालमत्ता कर आहे. कुठे नसतो? पण तो कुणी दूरच्या राजधानीतला माणूस लावत नाही. मार्चमध्ये आपण सगळे शाळेच्या हॉलमध्ये लाकडी खुर्च्यांवर बसतो, एकेक कलम वाचलं जातं, आणि आपणच हात वर करून स्वतःवर कर लावतो. जगात किती माणसांना हा मान मिळतो?

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

घराबद्दल लवकर कळव. दुसरं गिऱ्हाईक आहे.

विनी

*

विंडरफोर्ड
४ नोव्हेंबर

विनी,

टर्कीचं उत्तर बरोबर. म्हणजे हात तुझा आहे. आता प्रश्न असा की तुझ्या शेजारी बसून कोण लिहून घेतं आहे.

मी तुला बोलू देत नाही? साठ वर्षांत हा आरोप माझ्यावर कुणी केलेला नाही. आपल्या दोघांत बोलायची पाळी मला कधी आली ते सांग. फोनबद्दल तू खोटं बोललीस, आणि तुला खोटं बोलायचा सराव नाही, म्हणून इतकं वाईट बोललीस.

म्हणून रविवारी मीच फोन लावला. पुरुषाने उचलला.

मी म्हणालो, "विनीला द्या."

"ती फोनवर येऊ शकत नाही."

"का? झोपली आहे का?"

"नाही हो. इथेच बसली आहे."

"मग द्या की!"

मागे कुणीतरी टेबलावर टकटक करत होतं. मग तो म्हणाला, "ती म्हणते, पत्र लिही." आणि ठेवून दिला. मी कान लावून ऐकत होतो, विनी. ती काहीच म्हणाली नव्हती.

त्यानंतर मी तुमच्या भागातली घरांची सरकारी दप्तरं पाहिली. ती कुणालाही पाहता येतात. ते छोटं पांढरं घर टास्कर नावाच्या म्हाताऱ्या बाईचं आहे. विकण्याचा अधिकार तिच्या मुलाला, मर्ल टास्करला. त्याचा पत्ता पाहिला. तुझ्या गल्लीतला. हाच ना तो, फोन उचलणारा? त्या घराचा वर्षाचा कर डेलावेअरमधल्या तेवढ्याच घराच्या कितीतरी पट आहे. तुझ्या पत्रातली जळालेली खोली सापडली मला.

एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका, गोड बोलणारा शेजारी, शहरात पेन्शन घेणारा भाऊ. अशा किती फायली मी बंद केल्या आहेत! त्याला सांग, एल्डन बक्स्टन चाळीस वर्षं हेच काम करत होता.

एल्डन

*

हार्लो मिल्स
१० नोव्हेंबर

एल्डन,

मर्ल भला माणूस आहे. त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. तू येऊ नकोस. इकडे बर्फ पडला आहे, रस्ते बंद आहेत. ख्रिसमसनंतर बघू.

विनी

*

विंडरफोर्ड
२२ नोव्हेंबर

विनी,

बर्फ नव्हता. मी निघण्याआधी हवामान पाहिलं होतं, तुझ्या दारात पोचलो तेव्हा तू अंगणात सुकी पानं गोळा करत होतीस.

काल घरी परतलो. तिथे चार दिवस मी नीट काही बोललो नाही, कारण तू पाटीवर लिहायचीस आणि मी वाचायचो, आणि पाटी पुसली की जे म्हणायचं होतं ते माझ्या तोंडातून निघायचं नाही. म्हणून इथे लिहितो.

गळ्यावरचा तो रुमाल मी आधी फॅशन समजलो. मग तू तो बाजूला केलास. जून महिन्यात तुझं स्वरयंत्र काढलं, आणि मला नोव्हेंबरात कळतं! ग्रेटाच्या आजारपणात तू पाच आठवडे माझ्या सोफ्यावर झोपलीस. मला एक ओळ पाठवता आली नाही?

मर्लची माफी मागितली. त्याने स्वयंपाकघरात मला मॅपलचा गोड पाक घातलेली कॉफी दिली आणि म्हणाला, "तुम्ही मला लुटारू समजलात ना?"

मी म्हणालो, "हो."

"फोनवरच कळलं मला. तिने टेबलावर चमचा आपटून पाटी दाखवली, त्याला सांग पत्र लिही. मी म्हटलं, बाई, खरं सांगून टाक. तर तिने पाटीवर काय लिहिलं माहितीय? 'दयेने आलेला माणूस उन्हाळा संपला की परत जातो.'"

"हे तिनं लिहिलं?"

"आणि खाली रेघ मारली."

विनी, ही रेघ मला लागली. पण माझा संशय अजून मिटलेला नाही, हेही सांगतो. तुझा आवाज गेला म्हणून तुला भाऊ जवळ हवा, हे मला समजतं. पण तेवढ्यासाठी तू करांबद्दल खोटं लिहिणार नाहीस. गाडीत बसताना मर्लला विचारलं, "अजून काय आहे?" तर तो बूट बघत म्हणाला, "मी गावसभेचा सभापती आहे. मला कुणाची बाजू घेता येत नाही." मी बाजूबद्दल विचारलंच नव्हतं!

आता सगळं सांग. गाळू नकोस.

एल्डन

*

हार्लो मिल्स
१ डिसेंबर

एल्डन,

ठीक आहे. सगळं.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी गावसभेत कलम आठ येणार आहे. आमची प्राथमिक शाळा बंद करायची आणि मुलांना बसने शेजारच्या गावी पाठवायचं. गेल्या काही वर्षांत इथे निवृत्त माणसं भरपूर आली. मॅसॅच्युसेट्समधून, न्यूयॉर्कमधून, तुमच्याकडून. उत्पन्न कर नाही म्हणून आली. घर घेतल्यावर मालमत्ता कराचं बिल पाहिलं आणि चिडली. त्यातला मोठा भाग शाळेचा. त्यांची नातवंडं दुसऱ्या राज्यांत. त्यांनी मंडळ केलं आहे, दुकानात रोज सकाळी कॉफीला बसतात. वाईट माणसं नाहीत. पण त्यांना वाटतं की या गावात ती फक्त राहायला आली आहेत, या गावाची झालेली नाहीत!

तीस वर्षं असं कलम आलं की मी उभी राहायची, आणि ते पडायचं. यंदा मी उभी राहीन आणि तोंड उघडीन आणि काही येणार नाही.

शिक्षक बोलले तर लोक म्हणतात पगारासाठी. आईबाप बोलले तर म्हणतात पोरांसाठी. मर्लला बोलता येत नाही. मला असा माणूस हवा होता ज्याला शाळेत मूल नाही, नातू नाही, जो म्हातारा आहे, कर भरतो, आणि ज्याला सगळं जग चोर वाटतं. असा माणूस माझ्या ओळखीचा एकच आहे. बाहेरच्याला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते, आणि मंडळातला कुणीतरी उठून "हा इथला नाही" म्हणणारच. म्हणून घर.

आणि तू ज्या रेघेवर रुसलास तिच्याबद्दल. हो, तुला दया येऊन तू यावंस असं मला नको होतं. तू हिशेब करून यावंस असं वाटलं, कारण हिशेब केलेली जागा तू सोडत नाहीस. म्हणून तुझ्या भाषेत लिहिलं. ती मला येत नाही हे पहिल्याच पत्रात कळलं तुला.

आता माझी भीती ऐक. मला तुझा आवाज हवा आहे, पण तुझ्या मताची मला भीती वाटते. तू आलास, घर घेतलंस, बिल पाहिलंस, आणि त्यांच्याच टेबलावर जाऊन बसलास तर? गावात मंडळाचा आणखी एक माणूस मीच आणून बसवला असं होईल.

विनी

*

विंडरफोर्ड
९ जानेवारी

विनी,

घर घेतलं. कागद झाले. सामान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. डेलावेअरचं कोष्टक फाडलेलं नाही, ड्रॉवरमध्ये आहे.

मी तुला काहीही वचन दिलेलं नाही हे लक्षात ठेव. मी शाळेच्या बाजूने बोलेन असं नाही. मला अजून माहीत नाही. तुमच्या गावात मुलं कमी होत आहेत हे मंडळवाल्यांचं म्हणणं खरं आहे. मी पाहिलं.

आणखी एक गोष्ट पाहिली. घरांची दप्तरं उघडली की शेजाऱ्याचंही घर उघडतं, ही माझी जुनी खोड. तुझ्या वयाच्या आणि तुझ्या मिळकतीच्या माणसाला तुमच्या गावात घराच्या करात सूट मिळते. एक कागद भरायचा. तू तो कधीच भरला नाहीस. का? मर्लला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ती म्हणते, सूट ज्याला गरज आहे त्याला." तो हसला, आणि मग नाक साफ करायला लागला.

तू मला कर वाचवायला बोलावतेस आणि स्वतः हक्काची सूट सोडून देतेस. चाळीस वर्षांत माझ्यासमोर असा माणूस आला नाही. तुझ्याबद्दल माझा संशय आता वेगळा आहे. तू खरंच जे बोलतेस ते मानतेस की काय?

एल्डन

*

हार्लो मिल्स, माझ्या घरातून तुझ्या घरी, मर्लच्या हाती
२४ फेब्रुवारी

एल्डन,

भाषण सोबत पाठवते आहे. चार पानं. जिथे रेघ आहे तिथे थांबायचं, जिथे दोन रेघा आहेत तिथे आवाज चढवायचा.

पण आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. आठवडाभर रोज सकाळी तू दुकानात मंडळवाल्यांच्या टेबलावर बसतोस. खिडकीतून दिसतं मला. आज त्यांच्यातल्या लठ्ठ गृहस्थाने तुझ्या पाठीवर थाप मारली. काल रस्त्यात मी पाटी वर धरून तुला विचारलं, "कुणाच्या बाजूने?" तू वाचलंस आणि म्हणालास, "थंडी फार आहे, आत जा."

मला गाळलेली खोली ओळखता येते आता. तूच शिकवलंस.

विनी

*

हार्लो मिल्स, शाळेसमोरच्या पांढऱ्या घरातून
४ मार्च

विनी,

भाषण परत पाठवतो आहे. सुंदर आहे. मी ते वाचणार नाही.

रागावू नकोस, पुढे वाच. तुझ्या भाषणाला टाळ्या पडतील. मतं पडणार नाहीत. त्यातलं प्रत्येक वाक्य ऐकून मंडळवाले म्हणतील, "विनीच बोलते आहे, फक्त जाड आवाजात." आणि त्यांच्या टेबलावर मी बसलो कारण ज्याचा दावा तपासायचा त्याच्याकडे कॉफी प्यावीच लागते. तुला सांगितलं नाही, कारण तपास संपायच्या आधी मी ग्रेटालासुद्धा सांगत नसे.

त्यांचा दावा असा, की शाळा बंद केली की कर उतरेल. मी तो तसाच तपासला, जसा जळालेल्या गोदामाचा तपासतो. शेजारचं गाव आपली मुलं फुकट घेणार नाही, दर मुलामागे पैसे मागणार. बस लागणार, चालक लागणार. बंद इमारतीचं छप्पर गावालाच राखावं लागणार. लठ्ठ गृहस्थांना विचारलं, "हे धरलंत का?" ते म्हणाले, "तपशील नंतर बघू." म्हणजे धरलेलं नाही.

पण खरी गोष्ट दुसरीच निघाली. मी आग विझवणाऱ्यांच्या ठाण्यावर गेलो. रुग्णवाहिका तिथेच उभी असते, आणि ती चालवणारे सगळे बिनपगारी. नावं विचारली. एकजात शाळेतल्या मुलांचे आईबाप. जूनमध्ये तुझ्या घशातून रक्त आलं तेव्हा आलेली ती उंच बाई आठवते? तिचा मुलगा दुसरीत आहे. ती मला म्हणाली, "शाळा गेली तर आम्ही जाऊ, मिस्टर बक्स्टन. रोज दोन तास पोराला बसमध्ये कशाला बसवायचं?"

मी विचारलं, "मग रुग्णवाहिका?"

ती म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी चालवाल ना?"

विनी, त्या टेबलावर पंच्याहत्तरीच्या आतला मी एकटा आहे!

माझं भाषण खाली लिहिलं आहे. तपास. तुझ्यासारखं नाही. पहिल्या रांगेत बस, पाटी घेऊन. अडखळलो तर "पुढे" एवढंच लिही. आणि तुझ्या घरकराच्या सवलतीचा कागद या पाकिटात आहे, भरून ठेवलेला. फक्त सही कर. गरज असलेल्याला सूट असं तू म्हणतेस, आणि औषधांनी भरलेली तुझी टोपली मी पाहिली आहे.

एल्डन

"कर टाळायला हार्लो मिल्समध्ये येऊन राहिलेल्या माझ्या वयाच्या करदात्यांनो! मी एल्डन बक्स्टन, शाळेसमोरचं पांढरं घर. मीही तुमच्यातलाच. उत्पन्न कर नाही म्हणून आलो, आणि घराचं बिल पाहून शिवी दिली. आपण फसलो असं आपल्या सगळ्यांना वाटतं, आणि ते बरोबर आहे. कोष्टक करताना आपण एक राज्य दुसऱ्याशी ताडून पाहिलं. आपण पडलो तर कोण येईल हा रकाना त्या कोष्टकात नव्हता.

मला या शाळेत मूल नाही. मला मुलांचा गोंगाट आवडत नाही, आणि मी त्यांच्या समोरच राहतो. मी कुणावर विश्वास ठेवायला सांगत नाही. माझ्यावरही नको. उद्या तुमच्या घरात कुणी जिन्यावरून पडलं तर दार ठोठावायला येणाऱ्यांची नावं ठाण्यावर लावलेली आहेत. जाऊन वाचा. मग त्यांची मुलं कुठे शिकतात ते विचारा. त्यांना गावातून हाकलून किती वाचेल हे कुणीही मांडलेलं नाही. मी चाळीस वर्षं दावे तपासले. हा दावा मी नामंजूर करतो.

समोर माझी बहीण बसली आहे. तीस वर्षं ती इथे बोलली आणि मी कधी ऐकायला आलो नाही. आज ती बोलू शकत नाही, आणि मी तिच्याइतकं चांगलं बोलू शकत नाही. म्हणून एकच सांगतो. सभापती आता कलम आठ वाचतील आणि विचारतील, 'विरोधात कोण?' तेव्हा तुमचं मतदानाचं पिवळं कार्ड वर धरा, आणि ते मोजून होईपर्यंत हात खाली आणू नका."